फेब्रुवारीतली ओल : दापोलीजवळच्या एका जुन्या घराच्या आवाराचं प्रकरण

फोन आला तो एका फणसासाठी. "मागच्या भिंतीला ओल धरत्ये. भिंतीपासून आठ-दहा हातांवर जुना फणस आहे, त्याच्या मुळांनी जोतं उचललं असं गवंडी म्हणतो. तोडायचा की नाही, एवढंच येऊन सांगा."

मी आगरांची, म्हणजे माड-पोफळींच्या बागांची, आणि जुन्या घरांच्या आवारांची कामं करतो. भिंती हा माझा विषय नाही. पण झाड तोडू का असं विचारणाऱ्याचं बहुतेक वेळा ठरलेलं असतं, त्याला फक्त कुणाची तरी मान हललेली हवी असते. त्यात फणस हा झाडे तोडण्याबाबतच्या महाराष्ट्राच्या १९६४ च्या कायद्याच्या यादीतला, परवानगीशिवाय त्याला कुऱ्हाड लावता येत नाही. म्हटलं, आधी बघून येऊ. महाशिवरात्रीची जोडून सुट्टी होती, १८ फेब्रुवारी २०२३. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि पुढे कळलं की तेच बरं झालं.

घर हर्णै आणि केळशी यांच्या मधल्या किनाऱ्यावरच्या एका गावात आहे. दाराच्या चौकटीवर शके १८११ कोरलंय, म्हणजे इसवी सन १८८९. जांभ्याचे चिरे मातीत बसवलेले, वरून चुन्याचा गिलावा, छपराला कौलं. दर्शनी बाजू पश्चिमेला, समुद्राकडे. मध्ये गावचा रस्ता, दुसऱ्यांच्या दोन वाड्या आणि सुरूबन, मग पुळण. विहिरीपासून भरतीची रेषा साधारण तीनशे मीटर. पुढीलदारी खळं, म्हणजे अंगण, आणि तुळशीवृंदावन, मग ओटी, माजघर. मागीलदारी न्हाणी, विहीर, तिच्या काठाला पाण्याची दगडी डोण आणि फणस. त्याच्या मागे थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत चढत गेलेलं आगर. हा चढ लक्षात ठेवावा लागेल. डोळ्याला तो जाणवतही नाही, पण पाण्याला बरोबर कळतो.

३ जून २०२० पर्यंत आगरात एकेचाळीस माड आणि तीनशेच्या आसपास पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, होती, खाली जायफळं आणि मिरवेली. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं आणि मंडणगड-दापोलीच्या किनाऱ्यालाही त्याने झोडपून काढलं. संध्याकाळी नऊ माड उभे होते. पोफळी तर काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, सत्तरेक वाचल्या. घरमालक काका सांगत होते, "मागच्या दारातून डोंगर दिसला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."

बाणवली जातीचा माड लावला तर फळायला सहा-आठ वर्षं, पोफळीलाही पाच-सात. काका सत्तरीचे, मुलगा-सून पुण्यात. तोवर रिकामं रान घेऊन करायचं काय, म्हणून घर पाहुण्यांसाठी उघडायचं ठरलं. निर्णय चुकीचा नव्हता. त्या पैशानेच कौलं शाकारली गेली. सहा खोल्या झाल्या, मागची भिंत सिमेंटच्या गिलाव्याने गुळगुळीत झाली आणि आगराच्या घराकडच्या अर्ध्या भागात, साडेचार गुंठ्यांवर, शहरातून आलेल्या माणसांनी लॉन अंथरलं. त्यासाठी बाहेरून लाल माती आणून जमीन फूटभर चढवली, झाडांची आळी बुजवली, सगळं एका पातळीत केलं. भिंतीलगत पांढरे गोटे आणि हेलिकोनियाचा वाफा. पडलेल्या माडांचे ओंडके वाफ्यांच्या कडेला मांडले. फोटोत फार छान दिसायचं ते.

ओल दिसली २०२१ च्या पावसाळ्यात. साहजिकच सगळ्यांनी वर पाहिलं. कौलं फिरवली. २०२२ ला पुन्हा ओल आली, तेव्हा वळचणीला पत्र्याची पन्हळ लावली. तिसऱ्या खेपेला पाळी फणसाची.

मी भिंत पाहिली तेव्हा तीन गोष्टी खटकल्या. ओल जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत, जवळजवळ आखल्यासारखी, आणि त्या रेघेवर लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी बुरशीसारखी पूड, फुललेला. कौलं गळत असती तर ओघळ वरून खाली आले असते. दुसरं म्हणजे कोकणात पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते आणि ही भिंत पूर्वेची. समुद्राकडची, सगळा मारा खाणारी भिंत खडखडीत कोरडी होती. आणि तिसरं, महिना कुठला? फेब्रुवारी. शेवटचा पाऊस होऊन चार महिने झालेले. पावसाळ्यातली ओल दिवाळीनंतर वाळते, ही हाताला थंडगार लागत होती.

मी भिंतीपाशी उभा असतानाच लॉनमधल्या नळ्या फुसफुसल्या आणि तुषार सुरू झाले. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, रोज. शेवटच्या नळीचं पाणी वाऱ्याने थेट हेलिकोनियावर येत होतं.

तरीही फणसाला निर्दोष म्हणायचं तर पुरावा हवा. फणस आणि भिंत यांच्यामध्ये काकांच्या परवानगीने आडवा चर मारला. मनगटाएवढं मूळ तर सोडाच, अंगठ्याएवढंही भिंतीच्या दिशेने गेलेलं सापडलं नाही. फूटभर लाल माती काढली आणि खाली जुनी जमीन लागली: काळी, भुसभुशीत, कुजलेला पातेरा, त्यात सुपारीच्या सालींचे धागे. आणखी भिंतीकडे सरकलो तर पहारीला दगड लागला. चिऱ्यांची बांधीव गटार. पागोळ्या जिथे पडतात तिथे, अख्ख्या भिंतीच्या लांबीने. पांढऱ्या गोट्यांखाली गाळाने गच्च भरलेली, आणि फेब्रुवारीत तिच्यात पाणी उभं.

तिथे जोतं मोजलं. पुढच्या बाजूला घर जमिनीपासून तीन फूट उंच आहे, पण उतारामुळे मागे जोतं मुळातच दीड फुटाचं. त्यातला एक फूट भरावाने गिळलेला. म्हणजे माजघराच्या जमिनीखाली जेमतेम सहा इंच. जांभा सच्छिद्र दगड, पाणी शोषतोच. जुना चुन्याचा गिलावा ते बाहेरच्या बाहेर उडू द्यायचा. सिमेंटने ती वाट बंद केली, मग पाणी चिऱ्यांमधून वर चढत राहिलं आणि आतल्या बाजूने बाहेर पडू लागलं. मागच्या दाराच्या चौकटीला तळाशी वाळवी लागली होती, तीही या मातीच्या आसऱ्यानेच.

चर बघायला घरी पूर्वी कामाला असलेले एक म्हातारे बाबा आले होते. हे आगर त्यांनी तीस-एक वर्षं शिंपलेलं. बराच वेळ नुसते उकिडवे बसून होते. मग म्हणाले, "भाऊ, वरनं डोंगराचं पानी पाटानं यायचं, त्या जायफळापाशी वळायचं नि गडग्याच्या भोकातनं व्हाळाला जायचं. तुमी वाट मुजवलीत. आता ता घरात नाय येनार तर कुठं जानार?"

मी मुजवली नव्हती, पण ते सांगत बसलो नाही. गडग्यातलं, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणातलं, ओढ्याकडे जाणारं भोक दाखवा म्हटलं. त्यांनी बरोबर जागा दाखवली. फोटोत खिंडार वाईट दिसतं म्हणून तिथे नवा चिरा बसवला होता.

इथे जरा थांबून आगराच्या पाटाबद्दल बोलायला हवं, कारण हल्ली त्याला नुसतं शिंपण्याचं साधन समजतात. उन्हाळ्यात विहिरीवर रहाट चाले, पाणी डोणीत पडे, डोणीतून पाटाने झाडांच्या आळ्यांत जाई. खरं. पण तोच पाट पावसाळ्यात उलटं काम करतो. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. डोंगराच्या पायथ्याला घर बांधणाऱ्याने ते पाणी घराला वळसा घालून न्यायची सोय केली नसती, तर घर १८८९ पासून उभं राहिलंच नसतं. पाट, आळी, पागोळ्यांची गटार, गडग्यातलं भोक, व्हाळ ही एकच रचना. लॉन अंथरणाऱ्यांना तिच्यातला प्रत्येक तुकडा सुटासुटा आणि बिनकामाचा दिसला. त्यांना दोष तरी किती द्यावा? घरातल्यांनीही सांगितलं नाही, कारण रहाट जाऊन पंप आल्यावर पाटाकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी काहीच काम केलं नाही. ओटीवर आणि मागीलदारी आलटून पालटून बसलो आणि पाहुणे कुठे बसतात ते बघत राहिलो. घरात चौदा पाहुणे होते, बरेचसे आंजर्ले-वेळासला कासवांची पिल्लं बघायला आलेले. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात लॉनवर कोण गेलं? दोन मुलं पकडापकडी खेळली, पाच मिनिटांत घामाघूम होऊन परत. एका जोडप्याने फोटो काढले. बाकी सगळे एक तर ओटीवर, नाही तर विहिरीपाशी फणसाखाली. एका आजींनी तिथेच डोणीच्या काठावर बसून काकूंशी कुळथाच्या पिठीवर तासभर चर्चा केली. खुर्च्या मात्र सगळ्या लॉनवर मांडलेल्या, उन्हात तापत.

आणि तोडायचा होता फणस.

तोही आजारी दिसत होता हे खरं. शेंडे विरळ, पानं पिवळी. गवंड्याला त्यात मुळं कुजल्याचं लक्षण दिसलं आणि ते अर्धं बरोबर होतं. लॉनच्या भरावात त्याचा बुंधाही फूटभर गाडला गेला होता. झाडाचं मूळ जिथे खोडाला मिळतं ती जागा उघडी लागते, तिथे ओली माती चढवली की साल कुजते आणि खालची मुळं श्वासाला महाग होतात. भिंत आणि फणस दोघांनाही एकच रोग झाला होता.

पाण्याचा हिशेब मांडला तेव्हा मात्र काका गंभीर झाले. त्या हवेत लॉनला दर चौरस मीटरला रोज पाचेक लिटर पाणी लागतं. साडेचार गुंठे म्हणजे सुमारे साडेचारशे चौरस मीटर, रोजचं सव्वादोन हजार लिटर. माणशी १३५ लिटरच्या नेहमीच्या मापाने चौदा पाहुण्यांचं होतं एकोणीसशे. लॉन एकटं पाहुण्यांपेक्षा जास्त पीत होतं. नऊ माडांना उन्हाळ्यात माणशी, म्हणजे माडाशी, चाळीस लिटर धरलं तरी तीनशे साठच होतात.

आणि हे सगळं एका विहिरीतून, तीही समुद्रापासून तीनशे मीटरवर. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राच्या पातळीच्या वर ते फूटभर असेल, तर खाली साधारण चाळीस फूट गोडं. म्हणजे वरची पातळी थोडी जरी ओढून खाली नेली, तरी खालचं खारं पाणी कितीतरी पटीने वर सरकतं. रहाट जेवढं काढी तेवढं विहीर भरून काढी. तीन अश्वशक्तीचा पंप तिला दम घेऊ देत नाही. काकूंनी हे आधीच ओळखलं होतं. "गेल्या मे महिन्यात डाळ शिजेना आणि चहा मचूळ लागे," त्या म्हणाल्या, "पण पंपाचं बटण काही माझ्या हातात नाही." मी मीटर बुडवला तर विरघळलेले क्षार लिटरला सव्वासहाशे मिलिग्रॅम भरले, फेब्रुवारीतच. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा पाचशेची आहे. माड खारटपणा सोसतो. पोफळीला तो अजिबात सोसत नाही.

उरलेल्या पोफळींवर तर दोन्हीकडून मार होता. वरचं माडांचं छत्र गेल्यावर नैर्ऋत्येचं दुपारचं ऊन थेट खोडावर येऊ लागलं. त्या बाजूने खोड आधी पिवळट, मग तांबूस होतं आणि तडकतं, पुढे वाऱ्याने तिथेच मोडतं. सत्तरांतल्या बावन्न उरल्या होत्या.

माझं म्हणणं मी काका, मुलगा आणि सूनबाई तिघांना एकत्र बसवून सांगितलं. फणस राहू द्या, लॉन काढा, माती उतरवा, गटार आणि पाट मोकळे करा, भिंतीचं सिमेंट खरवडून चुना लावा. मुलगा म्हणाला, "एवढा पैसा घातलाय त्यात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, नसतंच. सूनबाईंचा मुद्दा जास्त वजनाचा होता. खोल्यांचं आरक्षण त्या बघतात. "दादा, लोक फोटो बघून येतात. आगर फोटोत अंधारं दिसतं. आणि मुलांना धावायला जागा कुठाय? माडाखाली खेळायला सोडू?"

हे त्यांचं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं होतं. आगराचं कौतुक करणारे आम्ही लोक विसरतो की आगर हे वावरायची जागा म्हणून लावलेलंच नसतं. वाळलेला नारळ किंवा चुडत अंगावर पडली तर माणूस जायबंदी होतो, जिवानिशीही जातो. घरची माणसं सवयीने वर बघून चालतात, पाहुणा मोबाइलमध्ये बघून. म्हणून एक गुंठा लॉन ठेवायचं ठरलं, घरापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, जिथे वर माड नाही आणि उतार व्हाळाकडे आहे. माडांवर दर दीड महिन्याला गडी चढवून नारळ आणि सुकी चुडतं उतरवायची, पाहुणे असोत-नसोत. बाकं फक्त फणसाखाली आणि बकुळीखाली. फणस लागले की खालची बाकं दोन महिने हलवायची, हेही लिहून घेतलं.

काम मार्चमध्ये सुरू झालं. माती काढायलाच तीन आठवडे लागले, कारण यंत्र आत आणलं तर पोफळीची मुळं चिरडली असती. सगळी घमेल्यांनी गेली. गटार साफ केल्यावर तिचे चिरे जवळपास साबूत निघाले. पाट बाबांनी उभं राहून आखून दिला, लेव्हल ट्यूब लावून पाहिली तर त्यांची नजर कुठेही चुकली नव्हती. ओंडके उचलले तेव्हा भुसा झालेल्या गाभ्यात गेंड्या भुंग्याच्या बोटभर जाड अळ्या वळवळत होत्या. नवीन लावलेल्या चार माडांच्या झावळ्या कातरीने कापल्यासारख्या का दिसतात, ते तेव्हा कळलं. कुजणारं खोड ही या भुंग्याची आवडती पैदाशीची जागा, आणि आम्ही ती शोभेला मांडून ठेवली होती. सगळे ओंडके फोडून जाळले, शेणखताचा खड्डाही उपसला.

पोफळींच्या नैर्ऋत्येला आधी केळी लावल्या. केळ वर्षभरात सावली देते, बाकी कुणालाच एवढी घाई जमत नाही. तोवर खोडांना त्या बाजूने झाप बांधले. जूनमध्ये माडांची बाणवली रोपं, साडेसात मीटरवर. पोफळी पावणेतीन मीटरवर. हेलिकोनियाच्या जागी भिंतीलगत काहीही लावलं नाही. दोन हात जागा मोकळी, फक्त गटार. सूनबाईंना ती पट्टी उघडी-बोडकी वाटते, अजूनही.

चुन्याच्या बाबतीत मात्र मी चुकलो. सिमेंट खरवडून भिंत निदान एक उन्हाळा उघडी वाळवायला हवी होती. मी मेच्या तिसऱ्या आठवड्यात गिलावा करायला सांगितला, कारण हंगाम संपला होता आणि गवंडी मोकळा होता. चुना हळूहळू, हवा लागून घट्ट होतो. त्याला मिळाली जूनची दमट हवा आणि आतून ओली भिंत. ऑगस्टमध्ये पापुद्रे सुटले. काकांनी काही बोलून दाखवलं नाही, फोटो मात्र पाठवला. २०२४ च्या जानेवारीत पुन्हा गिलावा केला, अर्धा खर्च माझा.

रात्रीच्या वावराचा प्रश्न उगाच गुंतागुंतीचा केला जातो. गडग्याच्या भेगांत फुरसं हा विषारी साप असतो, हे कोकणात धरूनच चालायचं. पाखाडीला, म्हणजे दगडी पायवाटेला, पायाशी मंद दिवे, वाटेच्या दोन्ही अंगांना हातभर पट्टा झाडून साफ, पातेरा आगराच्या आत. खोलीत बॅटरी ठेवायची आणि संध्याकाळी काकूंनी पाहुण्यांना एकदा सांगायचं. फलक लावायचा होता, काका नको म्हणाले. बरोबरच आहे, फुरशाचा फलक वाचून कोण राहील?

खळ्याचं काम माझ्या यादीत नव्हतंच. ते काकूंनी काढलं. पुढीलदारी बसवलेले सिमेंटचे ठोकळे उचलून दिवाळीनंतर खळं चोपलं, सारवलं, वर मांडव घातला. तिथे सुपारी वाळत घातलेली असते, एप्रिलपासून आमसुलं. पाहुण्यांची मुलं सुपारी वेचायला बसतात आणि आरक्षणाच्या पानावर आता पहिला फोटो खळ्याचा आहे. त्याने पाहुणे वाढले असं मी म्हणणार नाही. सूनबाई म्हणतात तेवढेच आहेत, पण दुपारी गाडी काढून कुठे जायचं असं विचारणारे कमी झाले.

मे २०२४ मध्ये विहिरीच्या पाण्याचा आकडा चारशे ऐंशीवर होता. पंप आता दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं चालतो, बटण काकूंच्या हातात. पोफळी बावन्नपैकी सत्तेचाळीस आहेत. फणसाचा बुंधा उघडा केल्यावर पहिलं वर्ष काहीच फरक दिसला नाही, दुसऱ्या वर्षी शेंड्याला नवी पालवी आली. त्या उन्हाळ्यात तो फळला, थोडाच. बरका आहे, मऊ गऱ्यांचा. काकांना कापा आवडतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी पुन्हा जाऊन भिंतीला हात लावला. कोरडी. फक्त न्हाणीकडच्या कोपऱ्यात हातभर जागा अजून थंड लागते. गटार तिथे मोकळी आहे, माती लांब आहे, म्हणजे पाणी आतून, न्हाणीच्या नव्या नळातून येत असणार. परीक्षांच्या दिवसांत खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा तिथली फरशी काढून बघायची आहे. गवंडी म्हणतो, फणसाचंच मूळ निघेल.